कात गेली गो! (पीपीईने सोललेली नाकं, हात आणि न झालेल्या नोंदी)

शेवंतीची_वेणी | रवि, रात्री १०:४२

परवा वाळपईला एका लग्नात नवरीच्या मेकअपला आलेल्या मुलीने माझ्याही तोंडाला थोडं काहीबाही लावून दिलं. नाकाच्या हाडावर तिचं बोट थांबलं. म्हणाली, "ताई, चष्मा सोडलात वाटतं. खूण राहिलीय अजून."

मी जन्मात चष्मा लावलेला नाही. ती खूण एन-९५ची. २०२०च्या पावसाळ्यातली.

मी स्टाफ नर्स. घर डिचोली तालुक्यात, नोकरी तेव्हा एका कोविड हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही, विचारूही नका). गोव्यात २५ मार्चला पहिले तीन रुग्ण सापडले, एप्रिल सरता सरता एकही उरला नव्हता, १ मेला ग्रीन झोन म्हणून आपण आपली पाठ थोपटून घेतली. जूनमध्ये वास्कोच्या मांगोर हिलला साथ पसरली आणि मग आमचे वॉर्ड भरू लागले. नेमका तेव्हाच पाऊस. वॉर्डातला एसी बंद, खिडक्या सताड उघड्या, बाहेर धो धो आणि आत आम्ही त्या पांढऱ्या किटमध्ये.

ड्युटी म्हणायला सहा तासांची. पण चढवायला अर्धा तास, उतरवायला त्याहून जास्त, वर हँडओव्हर. पुढची सिस्टर उशिरा आली तर आठ तास कुठे गेले नाहीत. पहिल्या वीस मिनिटांत आतले कपडे अंगाला चिकटायचे. ब्राची पट्टी, सलवारीची नाडी, मोज्यांचं इलॅस्टिक, जिथे जिथे काही घट्ट तिथे तिथे घामोळं आणि मग चरे. हातमोजा मनगटाशी टेपने बंद केलेला, त्यामुळे घाम जाणार कुठे? तो काढताना खाली धरला की बोटांतून धार लागायची. बोटांची टोकं तासभर नदीत डुंबून आलेल्या पोरासारखी, पांढरी आणि सुरकुतलेली. त्यावर सॅनिटायझर. आई गं.

मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. थोडं वाकून, डोळे मिटून, मागची पट्टी पुढे घेऊन. त्या दिवशी तो निघाला आणि नाकाला एकदम गार लागलं. आरशात बघितलं तर नाकाच्या हाडावर तांदळाच्या दाण्याएवढी कातडी जागेवर नव्हती. ती मास्कला चिकटून पिवळ्या पिशवीत गेली होती.

माझ्यामागे आमची अटेंडंट उभी. ती दिवसभर हायपोक्लोराइटच्या (ब्लीचच्या) पाण्याने फरशी, कठडे, खाटा पुसायची. तिने नुसते तळवे पुढे केले. "सिस्टर, कात गेली गो म्हजी." कोंकणीत त्वचेला कातच म्हणतात. मराठीत कात सापाची, आणि ती टाकली की साप नवा होतो. इथे तसं काही नव्हतं.

आता मुद्द्याचं. मला त्या दिवशी सुई टोचली असती तर? लगेच फॉर्म, रक्ततपासणी, लागलं तर ७२ तासांच्या आत औषधं, रजिस्टरात नाव, पुढचे काही महिने पाठपुरावा. आणि नाक सोललं तर? आमच्या मेट्रन म्हणाल्या, "खोबरेल लाव." वाईट बाई नव्हती ती, तिचंही नाक सोललेलंच होतं.

पुढच्या महिन्यापासून माझी टीबी वॉर्डला बदली आहे. परत एन-९५ आला. तुमच्यापैकी कोणी हे भोगलंय का? आणि आधीपासून काय काळजी घ्यावी? खोबरेल सोडून सांगा.

---

बांद्याचा_बाबल्या | रवि, रात्री ११:१५

ताई, हजर! मी ब्रदर. बांद्याहून रोज गोव्यात ये-जा होती, पत्रादेवीची हद्द बंद झाली तशी दोन महिने हॉस्पिटलच्याच खोलीवर पडलो.

माझं नाक वाचलं, कान गेले. आम्हाला कानाला अडकवायचे मास्क मिळाले होते. तिसऱ्या दिवशी कानामागे असा चिरा पडला की उशीवर कुशीला वळता येईना. मग एका सिस्टरने टोपीला दोन्ही बाजूंना शर्टाची बटणं शिवून दिली, मास्कच्या दोऱ्या कानाऐवजी बटणाला. हॉस्पिटलभर बटणांचा धंदा झाला. शाळेच्या गणवेशाची बटणं संपली होती माझ्या वहिनीकडची.

दाढीचं वेगळंच. मास्क नीट बसावा म्हणून रोज गुळगुळीत दाढी करायची आणि वर तो मास्क घासायचा. हनुवटीवर पुटकुळ्याच पुटकुळ्या. कॉलेजात आल्या नव्हत्या तेवढ्या पस्तिशीत आल्या.

---

उगाच_आपला | रवि, रात्री ११:३१

सियाचीनमध्ये जवान उणे चाळीसात उभे असतात. नाकाला डाग पडला म्हणून धागा? पेशा निवडताना माहीत नव्हतं का?

---

रानमोगरा | रवि, रात्री ११:५०

@उगाच_आपला, जवानाला हिमदंश झाला तर त्याची नोंद होते, उपचार होतात. धागाकर्ती तेवढंच मागतेय. परत वाचा, मग लिहा.

आणि डागाबद्दल नाहीच हे. सोललेलं नाक खाजतं, चुणचुणतं, आणि माणूस नकळत हात लावतो. कोविड वॉर्डात मास्कशी चाळा करणं म्हणजे काय ते तुम्हाला कळतंय का? माझी बहीण दुखतं म्हणून मास्क जरा सैल लावायची. तिला झाला. कशाने झाला ते छातीठोक कोण सांगणार, पण ती स्वतः तेच कारण धरून बसलीय.

---

फोंड्याचा_कातडीवाला | सोम, सकाळी ७:०५

मी त्वचेचा डॉक्टर. ओपीडीच्या आधी वेळ आहे तेवढं लिहितो.

शेवंतीताई, तुम्ही एकट्या नाही. चीनमध्ये २०२०मध्ये १६१ हॉस्पिटलांतल्या ४,३०८ कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, त्यात ४२.८ टक्के लोकांना पीपीईमुळे जखमा झालेल्या निघाल्या. त्यांनी जखमांचे तीन प्रकार केले: दाबाच्या, ओलाव्याच्या आणि कातडी फाटल्याच्या. सगळ्यात जास्त दाबाच्या. हुबेईतल्या ५४२ जणांच्या दुसऱ्या पाहणीत कोरडेपणा, खाज, आग असं सगळं धरलं तर आकडा ९७ टक्क्यांवर गेला, आणि सर्वाधिक मार खाल्लेली जागा कोणती, तर नाकाचं हाड, ८३ टक्के. सहा तासांच्या वर मास्क-गॉगल घालणाऱ्यांना धोका जास्त, आणि दिवसात दहाच्या वर वेळा हात धुणाऱ्यांच्या हातांना जास्त. म्हणजे तुम्ही सगळेच.

हे कोविडने आणलेलं नवीन दुखणंही नाही. २००३च्या सार्सच्या साथीत सिंगापूरमध्ये नियमित एन-९५ लावणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोकांनी चेहऱ्याच्या तक्रारी सांगितल्या होत्या, त्यात मुरुमं पहिली (बाबल्या, वाचतोयस ना?). म्हणजे १७ वर्षं आधी माहीत होतं.

नाकच का? तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये गादीच नाही. चरबी जवळजवळ शून्य. धातूची पट्टी तासन्‌तास दाबून धरली की बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही, खालची कातडी उपाशी राहते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीला जी जखम होते तीच ही, फक्त नाकावर. बेडसोअर म्हटलं की सिस्टर लोक धावत जाऊन कूस बदलतात, स्वतःच्या नाकाची कूस कोणी बदलत नाही.

त्यात घाम. ओली कातडी फुगते, मऊ पडते, तिची ताकद जाते; मग जरा घासलं की सुटते. पहिल्या पाहणीत घाम येणं हे जखमेचं फार मोठं कारण निघालं होतं. गोव्यातल्या जूनबद्दल मी वेगळं काय सांगू?

स्वतःची तपासणी अशी करा. मास्क काढल्यावर लाल भागावर बोट दाबून सोडा. पांढरं पडून परत लाल झालं तर घाबरू नका, जाईल. दाबूनही लालच राहिलं तर ती दाबाच्या जखमेची पहिली पायरी. त्या जागेला सुट्टी हवी. फोड आला किंवा साल गेली म्हणजे दुसरी पायरी. आता यात एक गोम आहे: हे सगळं गोऱ्या कातडीसाठी लिहिलेलं. आपल्या सावळ्या रंगावर लाली नीट दिसतच नाही. तेव्हा बोटाने चाचपा. आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक लागते का, दुखते का, जांभळट झाक आहे का.

खूण राहते तीही आपल्याकडे जास्त. जखम भरते, रंग मागे राहतो, आणि त्यावर ऊन पडलं की आणखी गडद होतो. सनस्क्रीन लावा, नाकाला विसरू नका.

उपाय दुपारी.

---

शेवंतीची_वेणी | सोम, दुपारी १:२०

डॉक्टर, "स्वतःच्या नाकाची कूस" वाचून डबा खाता खाता हसले आणि मग जरा गप्पच झाले. अठरा वर्षं दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलतेय.

उपायांची वाट बघतेय. आम्ही तेव्हा नाकावर बँड-एड लावायचो, कोणी मायक्रोपोर टेपच्या चार घड्या. एका डॉक्टरांनी झापलं होतं की त्याने मास्कमध्ये फट राहते. खरं का?

---

फोंड्याचा_कातडीवाला | सोम, दुपारी २:४८

झापलं ते बरोबर, पण मग काय करायचं ते सांगायला हवं होतं. बँड-एडची मधली गादी जाड असते, तिच्या दोन्ही बाजूंनी हवा शिरते. घडीचंही तेच. लावायचं ते पातळ: हायड्रोकोलॉइडची (जखमेवर लावतात ती जेलसारखी) किंवा सिलिकॉनची पातळ पट्टी, नाकाच्या आकाराला कापून, कडा गोल करून, सुरकुती न पाडता. मग मास्क. मग दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा आणि घ्या. कडेने वारा लागला तर परत बसवा. ही चाचणी पट्टी असो नसो, दर वेळी करायची. आणि काढताना पट्टी ओरबाडू नका, कडेने ओली करून हळूहळू सोडवा, नाहीतर वाचवलेली कातडी तिच्याबरोबरच जायची.

दुसरं, ती धातूची पट्टी चिमटीत धरून दाबायची नाही! दोन्ही हातांची बोटं मधे ठेवून बाजूला सरकवत नाकाच्या आकाराला बसवायची. चिमटीने टोक निघतं, ते रुततं आणि बाजूला फट राहते ती वेगळीच. मास्क खूपच रुतत असेल तर बहुतेक वेळा तो तुमच्या मापाचा नसतो. दुसऱ्या बनावटीचा मागून बघा.

मॉइश्चरायझर मास्कच्या अर्धा तास आधी, ते पूर्ण जिरू द्यायचं. ऐनवेळी चोपडलं तर मास्क घसरतो. शक्य तिथे दर दोनेक तासांनी सुरक्षित जागी येऊन पाच मिनिटं मास्क उतरवा. टीबी वॉर्डात हे जमतं, सलग घालून बसायची गरज नसते. कोविडला नाही जमलं, मान्य.

हातांचं: हात दिसायला घाण नसतील तर साबणापेक्षा सॅनिटायझर कातडीला बरा, त्यात ग्लिसरीन असतं म्हणून. आग होते ती आधीच पडलेल्या चिरांमुळे. साबणाने धुऊन लगेच त्यावर सॅनिटायझर, ही दुहेरी सवय मोडा. आणि ओल्या हातावर मोजा चढवू नका. कोरडे होऊ द्या, अर्धं मिनिट लागतं.

---

काजूबी | सोम, दुपारी ४:१०

भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) कोणी कसं लिहिलं नाही? आमची आजी भाताच्या लावणीत पायाला चिखल्या झाल्या की भिरंडेल तापवून भेगांत सोडायची. चर्र व्हायचं पण दोन दिवसांत पाय चालता. मी पेडण्यात आरोग्यसेविका होते, हातांना तेच लावून काढले दोन पावसाळे. नाकालाही लावा शेवंतीताई.

---

बांद्याचा_बाबल्या | सोम, दुपारी ४:२५

आमच्याकडे त्याला मुठेल म्हणतात. मुठीत दाबून गोळे करतात म्हणून. आईने डब्यातून पाठवलं होतं, हद्दीवर पोलिसाने विचारलं हे काय साबण आहे का.

---

फोंड्याचा_कातडीवाला | सोम, संध्या. ६:०२

भिरंडेलाला माझा नमस्कार, माझ्याही टाचा त्यावरच आहेत. पण रात्री, घरी, धुतलेल्या हातापायांना. मास्कखाली नाही, तेलकट नाकावर कुठलाही मास्क टिकत नाही. आणि ड्युटीवर जाताना हातांना तर मुळीच नाही: तेलाने लॅटेक्सचे मोजे कुजतात, भोक पडलेलं कळतही नाही. खोबरेल आणि व्हॅसलीनलाही हेच लागू. म्हणजे मेट्रनबाईंचा सल्ला वेळ चुकलेला होता एवढंच.

वाफाळतं भिरंडेल भेगेत सोडू नका हो. आजीची पिढी वेगळी.

---

म्हापशाचा_औषधवाला | सोम, रात्री ९:१४

काउंटरच्या आतून एक गोष्ट. तेव्हा आणि आजही लोक येतात आणि ती "सगळ्याला चालणारी" ट्यूब मागतात. एकीत तीन-चार औषधं: स्टेरॉइड, बुरशीवरचं, जंतूंवरचं. जांघेत, छातीखाली, मोज्यांच्या कडेला खाज आली की लाव. दोन दिवसांत खाज गायब, तिसऱ्या आठवड्यात गजकर्ण ताटाएवढं. स्टेरॉइड लाली दाबतं, बुरशी खाली आरामात पसरते. हे मलमातले स्टेरॉइड २०१८पासून चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत असा नियम आहे, पण नाही म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो. नर्सिंगवालेही मागतात, राग मानू नका. चेहऱ्याला तर ती कधीच लावू नका.

---

सुताचा_गुंता | सोम, रात्री १०:३०

कापडातला माणूस आहे म्हणून थोडं अवांतर. ते किट एवढं का उकडतं? २०२०च्या सुरुवातीला आपल्याकडे असली किटं जवळजवळ बनतच नव्हती, आणि मेपर्यंत देशात रोज लाखोंनी बनायला लागली. त्यासाठी कोईमतूरच्या सिट्रा या कापड संशोधन संस्थेत कापडाची चाचणी व्हायची: दाबाखाली खोटं रक्त टाकायचं आणि ते आरपार येतं का बघायचं. ते थोपवायचं तर कापडावर प्लास्टिकचा पातळ थर देतात आणि शिवणीवर टेप मारतात. रक्त बाहेर अडलं, पण वाफ आत अडली. वाफ जाऊ देणारा आणि रक्त अडवणारा थरही असतो, महाग असतो. घाईच्या दिवसांत पहिली कसोटी रक्ताची लावली, आणि ती बरोबरच होती. पण साथ ओसरल्यावर, पुढच्या खरेदीत "घालणाऱ्याचा घाम" असा रकाना कोणी घातलाय का, ते मला बघायला आवडेल.

---

उगाच_आपला | सोम, रात्री १०:४४

बरं, कालचं मागे घेतो. बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिला धागा दाखवला. तिने हातमोज्यांची आठवण काढली. तिच्या मनगटाला मोज्याची कड जिथे संपते बरोब्बर तिथे रेघ मारल्यासारखं पुरळ. हे घामाचं की कसलं?

---

फोंड्याचा_कातडीवाला | मंगळ, सकाळी ७:१२

कडेला रेघ ओढल्यासारखं, दोन्ही मनगटांना, आणि रविवारच्या सुट्टीत कमी होत असेल तर ती अ‍ॅलर्जी असू शकते. रबर लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ती रसायनं बऱ्याचदा कारण असतात, आणि ती नायट्राइलच्या मोज्यांतही असू शकतात. पॅच टेस्ट करून घ्या. आणि मोजे घातल्यावर मिनिटांत गांधी, शिंका, धाप असं झालं तर ती लॅटेक्सची वेगळी आणि गंभीर अ‍ॅलर्जी, तिथे थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

---

कोर्टाची_पायरी | मंगळ, सकाळी ११:४०

नोंदीबद्दल. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती, त्यात त्वचेचे आजारही होते. म्हणजे "हा काय आजार आहे का" हा प्रश्न कायद्यालाही पडला नव्हता. भरपाई मिळेल की नाही हा पुढचा लांबचा रस्ता. पण कागद नसेल तर त्या रस्त्याला पायच लागत नाही. त्या त्या दिवशी लेखी कळवा, तारीख घाला, पोच घ्या, फोटो काढा. कंत्राटी कामगारांनी तर नक्कीच, कारण उद्या ठेकेदार म्हणेल ही आमच्याकडे नव्हतीच.

---

रानमोगरा | मंगळ, दुपारी १२:०५

शेवंतीताई, ती अटेंडंट कंत्राटी होती का? तिचं काय झालं पुढे?

---

शेवंतीची_वेणी | मंगळ, रात्री १०:५८

होय, कंत्राटीच. हात बरे झाले, दोन महिने लागले. त्या काळात तिने घरी भांडी घासली ती प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधून. पगार कापला गेला नाही कारण तिने सुट्टी घेतलीच नाही. त्या वर्षी चवथीला माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधताना तिला नारळाच्या दोरीला हात लावता येईना, पोराने बांधली, हे तिला सगळ्यात लागलं होतं. ती आता आमच्याच इथे आहे, टीबी वॉर्डला माझ्याबरोबर येणार.

तुमचं वाचून दोन गोष्टी केल्या. एक, आमच्या आत्ताच्या सिस्टर-इन-चार्जना सुईच्या रजिस्टरात त्वचेचा रकाना घालू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या रजिस्टर वरून छापून येतं, हात लावायचा नाही. बरं. मग दुसरी: शाळेची दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या (तारीख, नाव, कुठे, किती तास घातलं होतं, काय केलं) आणि चेंजिंग रूमच्या आरशाखाली सुतळीने पेन बांधून टांगली. इन-चार्ज बाई बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी बघते तर पहिल्या पानावर त्यांनीच सही करून शिक्का मारलेला.

आज दोन नोंदी. एक माझी, २०२०ची, मागची तारीख घालून: नाक, साडेसात तास, खोबरेल.

दुसरी तिची. तिला लिहिताना मी पेन हातात घेतलं तर म्हणाली, "दी हांगा, हांव बरयतां." (दे इकडे, मी लिहिते.) तारीख विचारून घेतली, नाव लिहिलं, आणि "कुठे" च्या रकान्यात डावा तळवा ठेवून त्याच्याभोवती पेन फिरवलं. रकान्यात मावला नाही, खालच्या सहा ओळी गेल्या.

डॉक्टर, ती पातळ पट्टी डिचोलीत कुठे मिळेल?